मासळीचे भाव

"हवा? माझ्या पोरीचं गाणं बुडालं आणि तुम्ही हवेवर ढकलताय?"

रेडिओ केंद्राच्या तक्रार-खिडकीवर म्हाताऱ्या पोस्टमनने मूठ आपटली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी खांदा अजून पिशवीच्या बाजूला झुकलेला. आत बसलेल्या इंजिनिअर बाईंनी पाण्याचा ग्लास सावरला.

"काका, शांत व्हा. गेल्या मंगळवारी सकाळी वारा अगदीच पडला होता. खाली गार हवा, वर गरम. असं झालं की आमच्याच फ्रिक्वेन्सीवरच्या लांबच्या केंद्राच्या लहरी वर निसटून न जाता थेट इथवर येतात. तुमचं घर आमच्या प्रक्षेपणाच्या अगदी टोकाला. तिथे त्यांनी आम्हाला दाबलं."

"दाबलं कसलं, गिळलं! पोरगी पहिल्यांदा रेडिओवर गाणार म्हणून मी आठपासून कान लावून बसलेलो. नऊच्या ठोक्याला कुठल्या तरी बंदरातले मासळीचे भाव सुरू! संध्याकाळी तिचा फोन, 'बाबा, कशी गायले?' काय सांगू? कोळंबी चढली म्हणून?"

"खरं ते सांगायचं."

"सांगितलं की! म्हणाली, थापा मारू नका, तुम्ही रेडिओ लावलाच नाही. आठ दिवस झाले, फोन उचलत नाही. ते गाणं मला ऐकवा. आत्ता."

"थेट कार्यक्रम होता, काका. रेकॉर्डिंग नाही."

मग मात्र त्याचं टाळकंच सरकलं.

"अडतीस वर्षं टपाल वाटलं मी! पावसात, चिखलात, कुत्री मागे लागली तरी. एकदा तरी म्हटलं का, हवा वाईट होती म्हणून तुमचं पत्र दुसऱ्याला दिलं?"

बाईंनी तक्रारींच्या फाइलमधून एक पोस्टकार्ड काढून पुढे सरकवलं. सहाशे किलोमीटरवरच्या एका मासळीवाल्याचं.

'मंगळवारी नऊ वाजता आमच्या भावांवर तुमची कोणी बाई पंधरा मिनिटं गात होती. भावाचं एक अक्षर कळलं नाही. ताबडतोब बंदोबस्त करा.'

पोस्टमनने ते दोनदा वाचलं. त्याचे कान लाल झाले.

"बंदोबस्त म्हणे! मेल्याला फुकटात गाणं मिळालं, आणि वर तक्रार!"

त्याने खिशातून कोरं कार्ड काढलं, पेन झटकलं आणि खिडकीच्या फळीवरच ठासून लिहायला लागला:

'महाशय, ती बाई माझी मुलगी आहे. भाव गेले खड्ड्यात. कशी गायली, ते उलट टपाली कळवा.'