तापली की बंद पडते

"हिचं डोकंच फिरलंय, ताई. हातपाय धडधाकट आहेत." मिस्त्रीने गाडीतून काढलेला इंजिनाचा कॉम्प्युटर उघडून बाईसमोर धरला. डब्यात पाणी शिरून पिना हिरव्या पडल्या होत्या. "म्हणून तापली की बंद पडते."

बाई हसली नाही. तिचा ओठ फाटला होता आणि एक डोळा सुजला होता. "दुसरा बसेल? मला लांब जायचंय, दादा. आजच."

"गॅरेजच्या मागे याच मॉडेलची एक मोडीत निघालेली गाडी पडलीय. तिचा बसवतो."

दोन्ही डब्यांवरचा नंबर जुळला. स्क्रू पिळता पिळता त्याने विचारलं, "कोणी मारलं?"

"घरात झालं," एवढंच ती बोलली आणि रस्त्याकडे बघत राहिली.

त्याने पुढे विचारलं नाही. सहा वर्षांपूर्वी त्याची बहीण असंच तोंड घेऊन याच गॅरेजात आली होती. जुळवून घे, असं सांगून त्यानेच तिला स्कूटरवरून सासरी सोडलं होतं. तीन आठवड्यांनी तो तिला खांदा द्यायला गेला.

वायरिंगचा जाड कनेक्टर त्याने कट्‌ आवाज येईपर्यंत दाबला. मग बॅटरीची तार लावली.

"मारा चावी."

इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं.

तेवढ्यात फाटकातून एक माणूस धावत आला. घामाने निथळत होता. हातात लोखंडी दांडा.

"माहीत होतं मला, फार लांब जाता येणार नाही तुला!" तो ओरडला. "उतर खाली! काय करून आलीस ते सांग यांना!"

"दादा, हा मारेल मला," बाई म्हणाली.

मिस्त्री मधे उभा राहिला. "बाईमाणसावर दांडा उगारतोस?"

"बाजूला व्हा! तुम्हाला माहीत नाही, ही—"

मिस्त्रीने उचललेला चाकाचा पाना सरळ त्याच्या जबड्यावर बसला. पडता पडता त्याने दांडा फिरवला, तो मिस्त्रीच्या मनगटावर लागला. मिस्त्रीने पाना दुसऱ्या हातात घेतला. पुढचा घाव गुडघ्यावर घातला. त्यानंतरच्या घावाची गरज नव्हती, तरी घातला.

त्यांना वळसा घालून गाडी फाटकाबाहेर पडली आणि दिसेनाशी झाली. माणूस कोपरांवर रांगत तिच्या मागे निघाला. तोंडातून रक्त आणि दात पडत होते, शब्द फुटत नव्हता. मिस्त्रीने त्याला लाथेने आडवा केला.

"हे सहा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं मी," तो धापा टाकत म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याची छाती हलकी झाली होती.

माणसाच्या खिशात फोन वाजत राहिला. घरच्यांनीच उचलून न्यावं याला, म्हणून मिस्त्रीने तो कानाला लावला.

पलीकडे एक मुलगी हुंदके देत होती.

"बाबा, आई गेली. दवाखान्यात आणेपर्यंतच... बाबा, सापडली का हो ती बाई, आईला भोसकून आपली गाडी नेणारी?"