पेशीतली सही

"मॅडम, माझ्यात कोणाची सही आहे?" तपासणीला आलेल्या सुनंदा मडावीने विचारलं. तिला चौथा महिना लागला होता.

सिकलसेल या रक्ताच्या आजारापासून वाचवलेल्या प्रत्येकाच्या जनुकात दुरुस्ती करणाऱ्याचं नाव कोरलेलं असे, जसा कुंभार मडक्याच्या बुडाला आपला शिक्का उमटवतो.

"कोणाची असणार? धोट्यांचीच," डॉ. शालिनी वैरागडे तुसडेपणाने म्हणाल्या.

ही दुरुस्ती दोघांनी मिळून शोधली होती. मोरेश्वर धोट्यांनी मात्र शोधनिबंध एकट्याच्या नावाने छापला. तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं वैरागडेबाईंनी धोट्यांच्या एकाही रुग्णाचा नमुना स्वतः तपासला नव्हता. ते काम हाताखालचे लोक करत, आणि बाईंपुढे धोट्यांचं नाव काढायची त्यांची छाती नव्हती. आज तंत्रज्ञ रजेवर होती, म्हणून नाइलाज झाला.

पडद्यावर अक्षरं उमटली. आधी 'वैरागडे', मग 'धोटे'.

बाईंनी चष्मा पुसला आणि नमुना पुन्हा लावला. तीच दोन नावं, त्याच क्रमाने आली. कागदावर लबाडी केलेला माणूस इथे खरं लिहून गेला होता, आणि त्यांनी रागापायी ते कधी वाचलंच नव्हतं.

"काय निघालं?" सुनंदाने घाबरून विचारलं.

"आम्हा दोघांची नावं आहेत. बाळातही जातील."

"अन् तुमचं भांडण? सारा जिल्हा सांगतो."

"ते नको जायला," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन उचलला. धोट्यांचा नंबर त्यांना अजून पाठ होता.