घाबरण्याचा नियम

सुजितने घरच्या घरी भुताटकीचा खेळ तयार केला. तो बंद कारखान्यात अडकलेल्या कामगारांची गोष्ट सांगणार, आणि त्याच्यासोबत एमआयडीसीत कंत्राटी कामाला असलेले मेहुल आणि रामकिसन ते कामगार होऊन खेळणार. अडलं होतं फक्त नियमांवर. इंटरनेटवरच्या एका पद्धतीला वीस बाजूंचा फासा लागत होता, दुसरीला पत्ते, आणि तिसरी ऐकता ऐकता मेहुलला झोप लागली. शेवटी सुजितच्या बायकोने, अर्चनाने निकाल लावला.

"ज्याला खरंच भीती वाटेल त्याने फासा टाकायचा. साधा, लुडोचा."

रविवारी दुपारी बोईसरच्या त्यांच्या भाड्याच्या खोलीत खेळ सुरू झाला. सुजितने आवाज खोल केला. "पिवळा धूर पसरतोय. डोळे चुरचुरतायत. सायरन वाजतोय आणि गेटला बाहेरून कुलूप आहे."

"हे तर रोजचंच हाय," भजी खात मेहुल म्हणाला. फासा जागचा हलला नाही.

सुजितने मुंडकं नसलेली बाई आणली.

"हिची शिफ्ट कोणती?" रामकिसनने विचारलं.

सुजित वैतागला. "बरं. मग धुरातून ठेकेदार बाहेर येतो आणि म्हणतो, उद्यापासून कामावर येऊ नका."

मेहुलने हातातलं भजं परत ताटलीत ठेवलं. तरीही फाशाला कोणी हात लावला नाही.

 

रामकिसन फोन घेऊन जिन्यात गेला आणि त्याचा दबका आवाज आत ऐकू आला, "साहेब, उद्या यायचंय ना?"