आत्याचा मान

"डेक्लन?" सुमंतरावांनी चहाचा कप खाली ठेवला. "हे काय नाव झालं?"

"आयरिश आहे, बाबा," कुश म्हणाला. "वी लाइक इट."

"आयरिश आहे ते कळतं मला. पण आपल्यात आयरिश कोण आहे?"

कुशने बायकोकडे पाहिलं. सियाने मांडीवरच्या बाळाचं दुपटं उगाचच नीट केलं. स्वयंपाकघरात कुशची आई, आसावरी, लाडवांसाठी डिंक तळत होती. तिचा झारा काही थांबला नाही.

"सुचवलं कोणी?"

"आपल्यातल्याच एकीने," सिया म्हणाली आणि बाळाला घेऊन आत गेली.

नेपरव्हिलच्या मराठी मंडळींत सुमंतराव म्हणजे बडं प्रस्थ. हृदयाचे डॉक्टर म्हणून निवृत्त झालेले, मंडळाचे माजी अध्यक्ष. 'परदेशात मुलांवर संस्कार' या विषयावर दर गणपतीत भाषण ठोकणार म्हणजे ठोकणार. लोक जांभया देत ऐकायचे, पण ऐकायचे. आता त्यांच्याच नातवाचं नाव डेक्लन! घोड्यावरून उतरवून गाढवावर बसवल्यासारखं झालं त्यांना.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. मंडळाच्या पुढच्याच पॉटलक जेवणाला कुमार पाध्यांनी त्यांना गाठलं. पाध्ये जुने स्नेही, पण जिभेला हाड नाही.

"काय सुमंतराव, बाप मराठी, आई मराठी, आणि पोरगा आयरिश? गणित काही जुळत नाही बुवा!"

सगळे हसले. सुमंतरावही हसले. कानशिलं मात्र तापली.

"तुम्हीच समजवा ना सुनेला," पाध्ये म्हणाले. "लग्नाआधी तुम्ही बॉस्टनला होतात. तिथे तर आयरिश पैशाला पासरी."

"हॉस्पिटलच्या रेसिडेन्सीत मान वर करायला वेळ नव्हता हो," सुमंतराव म्हणाले आणि पुलावाकडे वळले.

घरी आल्यावर त्यांनी सियालाच समोर बसवलं.

"नाव ठेवायच्या आधीच लोक नावं ठेवायला लागलेत, बेटा. आज हसण्यावारी गेलं. उद्या विचारतील, सुनेच्या ऑफिसात कोणी आयरिश आहे का. बाईमाणसाने जपायला हवं."

सियाचा चेहरा लालबुंद झाला. "बाबा, आर यू सीरियस?"

"बाबा, इनफ," कुश म्हणाला.

शब्द तोंडातून गेले आणि सुमंतरावांना स्वतःचीच लाज वाटली. आपल्या सुनेला आपण हे म्हणालो? या पोरीला? पण बोललेलं मागे घेणं त्यांना कधी जमलं नव्हतं. ते पेपर उघडून बसले. आसावरी दारात येऊन उभी राहिली होती. तिने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, कितीतरी वेळ, आणि ओले हात पदराला पुसले.

शेवटी रीतच मदतीला धावून आली. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. बाळाच्या कानात आधी ती सांगणार, मग चारचौघांत मोठ्याने जाहीर करणार. आईबापाने काहीही ठरवलेलं असो, आत्या म्हणेल ते खरं. कुश एकुलता एक, त्याला बहीण नाही. पण पाध्यांची आन्या त्याला लहानपणापासून राखी बांधत होती. मानलेली का होईना, आत्याच ती.

सुमंतरावांनी आन्याला फोन केला. "कानात काय वाटेल ते सांग. मोठ्याने मात्र 'वेद' म्हणायचं. मग कोण काय करणार?"

"काका, इट्स नॉट माय प्लेस," आन्या चाचरली.

"अगं, हक्कच आहे तुझा!"

रात्री जेवताना त्यांनी विषय काढला. "नावाचं आत्यावर सोडू या. भांडणच नको."

कुशने घास हातातच धरला. आसावरी मात्र चटकन म्हणाली, "चालेल. पण आत्या म्हणेल ते तुम्हालाही मान्य हवं. उगाच नंतर खुसपट नको."

"मान्य."

"सगळ्यांसमोर म्हणाल?"

"माइकवर म्हणेन, हवं तर."

बायको आपल्या बाजूने आहे हे पाहून त्यांना बरं वाटलं. एवढी वर्षं तिने त्यांचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता.

बारशाला घर भरून गेलं. पाळण्याला झेंडूच्या माळा, दिवाणखान्यात भरजरी साड्या, बाहेर ड्राइव्हवेपर्यंत गाड्या. सुमंतराव उभे राहिले आणि सवयीने भाषणच करून बसले. "आपल्या संस्कृतीत आत्याचा मान मोठा. तेव्हा आत्या म्हणेल ते नाव. हा माझा शब्द आहे." टाळ्या पडल्या. सियाने मान खाली घातलेली पाहून त्यांना पुन्हा ओशाळल्यासारखं झालं. संध्याकाळी तिची माफी मागायची, असं त्यांनी मनाशी ठरवलंसुद्धा.

"चल आन्या," ते म्हणाले.

आन्या जागची हलली नाही. तिने आसावरीकाकूकडे पाहिलं.

"दोन मिनिटं थांबू या," आसावरी म्हणाली. "फ्लाइट लेट झाली, पण कुश आणायला गेलाय."

"कोणाला?" सुमंतरावांनी विचारलं.

दार उघडलं. कुशच्या मागून पन्नाशीची एक गोरी बाई आत आली. तांबूस केस कानशिलांवर पिकलेले, अंगावर आसावरीची ठेवणीतली पैठणी, कुशने बरोबर नेलेली असावी, निऱ्या सुटू नयेत म्हणून मुठीत धरलेल्या. ती बाई फक्त सुमंतरावांकडे पाहत होती. त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"या कोण?" पाध्यांनी विचारलं.

आसावरीने पुढे होऊन तिचा हात धरला, तिला पाळण्यापाशी आणलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही मॉरीन. बाळाची सख्खी आत्या."