गाडीचा आवाज

रूपेशच्या बाईकचं इंजिन महिनाभर नुसतं खडखडत होतं. गाडी नाक्यावर वळली की अख्ख्या करावे गावाला कळायचं, रूपेश आला. शेवटी तुर्भ्याच्या गॅरेजात त्याने नदीम मेकॅनिकला फैलावर घेतलं.

"टायमिंग चेन ढिली झालीय. टेन्शनर आवळ, चांगला कचकचून!"

"आवळतो भाई, पण बेताने. जादा आवळला तर चेनच तुटते."

"मला अक्कल नको शिकवू. माझ्यासमोर कोणाची कुरकुर चालत नाय. घरात मी पाय ठेवला ना, टाचणी पडली तरी ऐकू येते!"

नदीमने पाना फिरवला. खडखड थांबली, इंजिन एकदम मक्खन.

संध्याकाळी गाडी दारात लागली तरी ओट्यावरच्या कुत्र्याने मान वर केली नाही. रूपेश खूश झाला आणि उंबऱ्याशीच थबकला. आतून खिदळण्याचा आवाज येत होता. बायको, रंजिता, हसत होती. तिच्याहून मोठ्याने हसत होती ती त्याची म्हातारी आई. तिला असं हसताना त्याने कधी ऐकलंच नव्हतं.

त्याने लाथ मारून दार उघडलं. हसू जागच्या जागी विझलं. रंजिता भिंतीला चिकटली.

म्हातारी सुनेच्या कानाशी लागली,



"गाडीचा आवाजच नाय आला गो. आता आपल्याला कलनार कसा?"