पापण्यांचा विमा

“माताजी, घर में इसे कोई तकलीफ़?” विम्याच्या डॉक्टरांनी विचारलं.

“तकलीफ कसली?” अक्का म्हणाल्या. “नऊ वर्षं झाली लग्नाला. माझ्यापुढे कधी नजर वर केली नाही हिने. असली सून अख्ख्या उज्जैनमध्ये दुसरी दाखवा.”

मीरा पदर धरून शेजारी उभी होती. दारावरचा चिकाचा पडदा अर्धा सोडावा तशा तिच्या दोन्ही पापण्या डोळ्यांवर उतरल्या होत्या.

डॉक्टरांनी फॉर्मवरचं ‘मध्यभारत’ खोडून वर ‘मध्यप्रदेश’ लिहिलं. नवं राज्य होऊन दोन महिने झाले होते, छापील कागद जुनेच होते. मग त्यांनी नियम सांगितला. मीरा मिलच्या पाळणाघरात कामाला, म्हणून विमा तिला लागू. पण पापण्यांमुळे अडचण होते असं दिसलं, तरच ऑपरेशन विम्यातून. नुसतं रूप सुधारायचं असेल तर नाही. आणि मिलने तर लिहून दिलं होतं, ‘काम ठीक. घमंडी. नाक वर करून बोलते.’

नाक वर केल्याशिवाय मीरेला समोरच्याचा चेहराच दिसत नसे. मिलमध्ये तेवढं तरी करता यायचं. घरी अक्कांपुढे हनुवटी उचलायची तिची छाती नव्हती. अक्का उंच, आवाज खणखणीत. “आमटी खारट झाली तर राम घाटावर सोडून येईन तुला,” असं त्या म्हणाल्या की मीरा मुकाट्याने आमटीत पाणी वाढवायची.

गेल्या महिन्यात पाळणाघरातलं एक मूल खिडकीत चढलं. मीरेला दिसलं ते खाली पडल्यावर. महाकालाची कृपा, लागलं नाही. पण तेव्हापासून ती रोज खिडक्यांच्या कड्या हाताने चाचपून बघायची. बोलावं तर नोकरी जायची.

“तो लिख दूँ, कोई तकलीफ़ नहीं?”

अक्कांनी मान डोलावली. डॉक्टरांनी लिहिलं. मग तपासायचं म्हणून तिचं डोकं सरळ धरलं आणि एक हात उंच केला.

“सिर मत हिलाना. कितनी उँगलियाँ हैं?”

 मीरा हळूच म्हणाली, “हाथ कहाँ है, डॉक्टरसाहब?”

अक्कांनी हाताकडे पाहिलं. बरोबर अक्कांच्या स्वतःच्या तोंडाच्या उंचीवर होता तो. सोमवारच्या पूजेचं बेलाचं पान अजून त्यांच्या मुठीतच होतं. मूठ घट्ट झाली. नऊ वर्षं सुनेची ही झुकलेली नजर त्यांनी हळदीकुंकवापासून हरितालिकेपर्यंत सगळीकडे मिरवली होती.

“वो काटो, डॉक्टरसाब,” त्या म्हणाल्या. “आज माझा उपास आहे, खोटं राहायला नको. ही मर्यादेने खाली बघत नाही. हिला वर दिसतच नाही. लिहा, सासू सांगते म्हणून.”

डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं.

ऑपरेशन झालं. महिनाभराने मीरा पुन्हा अक्कांचं पान वाढत होती. अक्कांनी आमटीचा भुरका मारला आणि त्यांचा आवाज कडाडला.

“ही आमटी? ऊठ, चल. राम घाटावर सोडून येते तुला.”

मीरेचा हात सवयीने पाण्याच्या तांब्याकडे गेला. तोच तिने नजर वर केली. मान न हलवता, नुसती नजर. अक्कांनी ओठ घट्ट मिटले होते, पण गाल फुगले होते आणि डोळे बारीक होऊन लुकलुकत होते.

“अक्का,” मीरा म्हणाली, “तुम्ही हसताय?”

“नऊ वर्षं हसतेय,” अक्का म्हणाल्या. “मला वाटायचं, सुनेला थट्टा कळत नाही.”