गालावरचा ओघळ

बेशुद्ध आजींच्या पापण्या पुरत्या मिटत नव्हत्या. डोळे कोरडे पडून त्यांना जखम होऊ नये म्हणून सिस्टर थोड्या थोड्या वेळाने त्यांत औषधाचे थेंब घालत असे. त्या दिवशी भेटायला येऊन आजींशी बोलत बसलेल्या आजोबांना बायकोच्या गालावर ओघळ दिसला आणि ते स्टुलावरून ताडकन उठले.

"सिस्टर, हिनं माझं ऐकलं! उभ्या जन्मात कधी ऐकलं नाही, आणि आज बघा!"

खरं सांगणं सिस्टरच्या अगदी जिवावर आलं. पण डॉक्टरांनी आशा सोडली होती आणि म्हाताऱ्या माणसाला खोट्या आशेवर झुलवत ठेवणं तिला पटेना.

"आजोबा, ते मी घातलेलं औषध आहे हो. जास्तीचं झालं की असं बाहेर येतं."

आजोबा मटकन खाली बसले. बायकोचा हात कुरवाळू लागले. मग दाराकडे बघत, कुणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाले,

"आमची लेक हिच्याशी भांडून घर सोडून गेली होती. आज इतक्या वर्षांनी आईची माफी मागायला येतेय. ती आत यायच्या आधी... थोडं जास्तीचं घालाल?"